विषयरक्षक

१९८८ साली फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही, दूरदूरच्या माणसांना एकाच वेळी टंकून गप्पा मारू देणारी व्यवस्था निर्माण केली आणि, त्यांच्या ध्यानीमनी नसताना, विषयरक्षक नावाच्या मनुष्यप्रकाराला हक्काचे घर मिळाले. या व्यवस्थेत चॅनेल नावाच्या विषयवार खोल्या असतात. ज्याच्या नावाआधी ‘अ‍ॅट’चे चिन्ह लागते तो खोलीचा ऑपरेटर, आणि कोणालाही ‘किक’ करण्याचा म्हणजे बाहेर घालवण्याचा, व ‘बॅन’ करण्याचा म्हणजे पुन्हा आत न घेण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. गप्पा खोलीच्या विषयाला धरून ठेवण्याच्या या कामाची त्याला कवडीही मिळत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते इतक्या निष्ठेने होते.

अस्सल नमुना पाहायचा तर तो सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या चॅनेलवर पाहावा. सीचे १९८९ सालचे अमेरिकी प्रमाणक, म्हणजे भाषेत काय आहे हे ठरवणारा दस्तऐवज, त्याला मुखोद्गत असते, आणि त्यात पडदा पुसण्याची वा वर्तुळ काढण्याची सोयच नसल्याने तसे प्रश्न त्याच्या लेखी सीचे नसतातच. महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत मात्र वर्षानुवर्षे सी शिकवली गेली ती बोरलँड कंपनीच्या टर्बो सीवर, जिथे पहिल्याच धड्यात पडदा पुसला जातो. तेव्हा उद्या सबमिशन असलेला विद्यार्थी मध्यरात्री ‘सर, वर्तुळ दिसत नाही’ असे कळवळून लिहितो आणि त्याला उत्तर मिळते की सीमध्ये वर्तुळ नसते. उत्तर निर्दोष आहे. त्याचा उपयोग नाही हे खरे, पण तो मुद्दा विषयाला धरून नाही.

व्हीआय आणि ईमॅक्स या दोन एडिटरांपैकी, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनांपैकी, श्रेष्ठ कोणते या सनातन वादात कोणी दोन ओळी लिहिल्या, तर ते विषयांतर का ठरते हे विषयरक्षक चाळीस ओळींत पटवून देतो. मग विषयांतराची व्याख्या हाच विषय होऊन बसतो, इतर ऑपरेटर त्यात हिरिरीने उतरतात, आणि पॉइंटरविषयी, म्हणजे स्मृतीतील पत्ता बाळगणाऱ्या चलाविषयी, कोणी रीतसर विचारलेला प्रश्न वर सरकत दिसेनासा होतो.

यावर तोडगा म्हणून काही समुदायांनी मुख्य चॅनेलशेजारी ऑफ-टॉपिक चॅनेल उघडले. उबुंटू या संगणकप्रणालीच्या मंडळींनी तसे केले आहे. अशा ठिकाणी खाणेपिणे, सिनेमा, मांजरे यांना मुभा असते. परंतु प्रोग्रॅमर मोकळे सुटले की थोड्याच वेळात प्रोग्रॅमिंगवरच घसरतात, कोणीतरी आपला अडलेला प्रोग्रॅम पुढे करतो, तिघे जण तो सोडवायला सरसावतात, आणि नेमका तेव्हाच विषयरक्षक अवतरून बजावतो की हे बोलणे विषयाचे असल्यामुळे येथे चालणार नाही.