भूक एकवीस हजारांची, तीर्थ अडीच लाखांचे

गरीब कोणाला म्हणावे, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांच्या हयाती गेल्या. महाराष्ट्र शासनाने तो केव्हाच सोडवला आहे. एका प्रश्नाची तीन उत्तरे काढली, एवढाच काय तो दोष. काशी-रामेश्वर करायचे असेल, तर घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेला साठीपुढचा माणूस गरीब ठरतो आणि मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना त्याच्यावर ३० हजार रुपयांपर्यंत खर्च करते. चष्मा, काठी, श्रवणयंत्र किंवा कमोडची खुर्ची हवी असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत वय ६५ आणि उत्पन्न दोन लाखांच्या आत हवे. मिळतात एकदाच ३ हजार. आणि यात्रा नको, काठी नको, नुसते दोन वेळचे जेवायचे असेल, तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये. म्हणजे अख्ख्या कुटुंबाला दिवसाकाठी साडेसत्तावन्न रुपये. अठ्ठावन्न कमावणारे घर शासनाच्या लेखी खाऊनपिऊन सुखी. गरज पोटाच्या जितकी जवळ, तितकी अट आवळलेली, असे हे शास्त्र आहे.

याची खरी गंमत बाईच्या पासष्टाव्या वाढदिवशी दिसते. आदल्या दिवसापर्यंत ती लाडकी बहीण असते. घरचे उत्पन्न दोन लाख असले तरी तिला महिन्याला १५०० रुपये मिळतात. पासष्ट पूर्ण झाली की बहीण हे नाते संपते आणि तिने श्रावणबाळाकडे जायचे असते. रक्कम तीच, १५००. पण तेच दोन लाख आता श्रीमंती ठरतात. एका रात्रीत इतकी सुबत्ता आणणारी दुसरी योजना देशात नसावी. मर्यादेत बसलीच, तर पुढे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, आणि मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला. समोर उभ्या असलेल्या म्हातारीला आपण जिवंत असल्याचा कागद द्यावा लागतो, कारण ती फायलीत उभी नसते.

यावर ठरलेले उत्तर येते की पैशाचे सोंग आणता येत नाही. मान्य. पण लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, तिला वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असे सांगितले गेले, आणि ऑगस्टच्या मध्याला दोन हप्ते एकदम खात्यांत पडले. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, हा निव्वळ पंचांगाचा योग. तेव्हा पैसा आणि वेग या दोन्ही गोष्टी शासनाकडे आहेत, असे धरून चालायला हरकत नाही. नाही तो कायदा. वर सांगितलेल्या साऱ्या योजना शासन निर्णयांवर चालतात. आज काढलेला कागद उद्या दुसऱ्या कागदाने बदलता येतो, आणि हप्ता अडला तर विनंती अर्ज करता येतो, हक्क सांगता येत नाही.

कायद्याने तरी कोणाचे भले झाले, असे विचारणारे विचारतील, आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना मांडली. राज्यांवर सक्ती केली नाही, मुभा दिली, आणि राज्यांनी त्या मुभेचा मनसोक्त उपयोग केला. तरीही त्याच कायद्यामुळे म्हातारी वकिलाशिवाय प्रांताकडे जाऊन मुलाविरुद्ध पोटगी मागू शकते आणि निकालाला नव्वद दिवसांची मुदत असते. पोटगीची कमाल मर्यादा महिन्याला १० हजार. पोटच्या पोराकडून दहा हजारांपर्यंत वसूल करून देणारी व्यवस्था स्वतः श्रावणबाळ झाली, की दीड हजारांवर येते. कावडीत निदान दोन्ही पारडी सारखी तरी असत.

हक्क देणे जमत नाही असेही नाही. वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला याच राज्याने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैसा कुठून आणायचा, याचे उत्तरही आधीच काढले होते: व्यवसाय कर. पगाराच्या चिठ्ठीवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अजून कापले जातात. कर टिकला. हक्क देण्याची सवय तेवढी सुटली.

आता तरुणाला मिळते ते कार्य प्रशिक्षण: बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, पदवीधराला १० हजार, मुदत सहा महिने. मुदत संपली तेव्हा नोकरीऐवजी आणखी पाच महिन्यांचे प्रशिक्षण मिळाले. शेजारच्या रांगेतल्या माजी सैनिकाला घरपट्टी माफ आहे (घर त्याने बांधायचे) आणि गट क व ड मध्ये १५ टक्के आरक्षण. आणि या दोन रांगांच्या मधोमध अग्निवीर येऊन उभा राहणार आहे. चार वर्षे सैन्यात, मग चारपैकी तिघे घरी. हाती सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी असेल, हे खरे. पण केंद्राच्या अटींप्रमाणे त्याला निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. बावीस-तेवीस वर्षांचा हा निवृत्त माणूस तरुणांच्या रांगेत मात्र चोख बसतो. सीमेवर बंदूक चालवून आलेल्याला तालुक्याच्या कचेरीत सहा हजारांवर काम कसे करतात हे शिकवता येईल.

राजस्थानने २०२३ मध्ये किमान उत्पन्न हमीचा कायदा केला. त्यात निवृत्तिवेतन किमान हजार रुपये आणि दरवर्षी १५ टक्के वाढ लिहून ठेवली: जुलैत ५, जानेवारीत १०. हजार रुपये थोडेच आहेत. पण आपल्याकडे असे विधेयक येण्यातली अडचण रकमेची नाही. वाढ दर जुलैला आपोआप होऊ लागली, तर ती जाहीर करायला सभा कोणत्या निमित्ताने घ्यायची, आणि फ्लेक्सवर फोटो कोणाचा लावायचा?