सुरुंग खणणार कोण?

खेळातलं रक्त हिरवं केलं की पोरं सुधारतात, असा एक शोध आपल्या देशात लागलेला आहे. 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजीवर बंदी आली. 2021 च्या जुलैत तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ असं नाव लावून मुंज झाल्यासारखा सोवळा होऊन परतला. रक्त हिरवं झालं आणि ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ आलं. 2022 च्या जुलैत तोही गायब झाला आणि 2023 च्या मेमध्ये पुन्हा उगवला, या वेळी घड्याळ बांधून. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा. तीन तास म्हणजे विरारहून चर्चगेटला जाऊन यायला साधारण लागतात तेवढे. या रोजच्या प्रवासाने माणूस किती बिघडतो, हे तपासायला समिती नेमल्याचं मात्र ऐकिवात नाही.

पालकांची तक्रार ठरलेली. पोरगं हिंसक होतंय, डोळे जातायत, अभ्यास बुडतोय. डोळ्यांचं आणि अभ्यासाचं खरं आहे, त्यावर वाद नको. पण हिंसेची चिंता करणाऱ्यांनी एकदा पोरांच्या मागे उभं राहून नीट ऐकावं. नालासोपाऱ्यातल्या कुठल्याही इमारतीचा जिना चालेल. तीन पायऱ्यांवर चौघं बसलेली असतात, मधल्या पायरीवर एक पॉवर बँक आणि तिला जोडलेले दोन फोन.

“कव्हर दे ना रे! नॉक झालो मी, उचल!”

“थांब, एकच उरलाय, त्याला मारतो आधी.”

“अरे झोन येतोय, मरेन मी!”

“स्मोक नाहीये माझ्याकडे.”

“मग घेतलास काय तू? सगळ्या गोळ्याच भरल्यास?”

दहाएक सेकंद गुडघ्यावर बसून दोस्ताला उचलायचं, एवढंच काम होतं. ते कोणी केलं नाही. दोस्त मेला. उरलेला शत्रू तिसऱ्याने टिपला, तर दुसरा म्हणतो, “तो माझा नॉक होता, फिनिश तू चोरलास.” मग पुढची पाच मिनिटं लढाई बाजूला राहिली आणि श्रेयावरून भांडण जुंपलं. तेवढ्यात लाइट गेली, वायफाय मेलं आणि चौघांचं एकमत झालं: हरलो ते लाइटमुळे.

माझा मुद्दा हा आहे. हा खेळ पोरांना मारायला शिकवतो याची भीती नाही. भीती ही की चौघांच्या टोळीत चारही जण फक्त मारायला आलेले असतात. पट्ट्या बांधायला, धूर सोडायला, दोस्ताला उचलायला कोणी आलेलंच नसतं.

हे आपल्याच पोरांचं दुखणं नाही. ‘ओव्हरवॉच’ नावाच्या खेळात सगळे मारेकरीच व्हायला बघायचे, जखमा भरणारा व्हायला कोणी तयार नसायचं. शेवटी 2019 मध्ये कंपनीने जागा वाटूनच दिल्या: दोघांनी ढाल धरायची, दोघांनी मारायचं, दोघांनी सांभाळायचं. मारणाऱ्यांच्या रांगेत ताटकळत बसावं लागायचं, सांभाळणाऱ्यांचा नंबर पटकन लागायचा. तरी लोक मारणाऱ्यांच्याच रांगेत. मग दुसऱ्या वर्षी कंपनीने लालूच दाखवली: मिळेल ते काम करायला तयार व्हा, त्या बदल्यात मारणाऱ्यांच्या रांगेत पुढे घुसायचा पास घ्या. म्हणजे सेवेचं बक्षीस काय, तर पुन्हा बंदूक!

आता वसईत राहून लढाईबद्दल बोलायचं आणि किल्ल्याकडे बघायचं नाही, हे बरं दिसत नाही. त्या किल्ल्यात हल्ली एकच शूट चालतं, प्री-वेडिंगचं. ते जोडपं ज्या पडक्या तटाला टेकून उभं असतं, तो तट बंदुकीने पडलेला नाही. 1737 मध्ये मराठ्यांनी मोहीम काढली, ठाणं घेतलं, साष्टी घेतली, वसई मात्र हाती लागेना. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, जमिनीची वाट काय ती उत्तरेकडून, आणि तिथेच पोर्तुगीजांचे भक्कम बुरूज. 1739 च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पा स्वतः येऊन बसले. पाऊस लागायच्या आत निकाल लावायचा होता. मग काय केलं? खणलं. वरून गोळे पडत असताना मोर्चे इंचाइंचाने तटाकडे सरकवले, बुरुजांच्या पोटात सुरुंग नेले, दारू भरली. काही सुरुंग उडालेच नाहीत. काही उशिरा उडाले आणि त्यात आपलीच माणसं गेली. पुन्हा खणलं. मे महिन्यात बुरूज ढासळला, पोर्तुगीजांनी तह केला आणि मानाने बाहेर पडले. तिथल्या चर्चमधल्या घंटा पुढे महाराष्ट्रभर देवळांत पोचल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली घंटा त्यांतलीच.

किल्ला हाती लागत नसेल तर निदान माझं मस्तक तोफेने आत फेका, ही अप्पांची गोष्ट वसईतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. घंटाही सगळ्यांना माहीत. पण सुरुंग खणणाऱ्या एकाचं तरी नाव सांगा बघू? नाही सांगता येणार. त्यांच्या नावावर एकही ‘फिनिश’ नाही. त्यांनी शत्रूचं तोंडही बघितलं नसेल. मातीत तोंड खुपसून आठवडेच्या आठवडे खणत राहिले आणि वसई घेतली ती त्यांनी.

आता वर्तमानात या. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर. चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून 3 जुलै 2009 रोजी महापालिका झाली. चौघांचा स्क्वॉडच म्हणा ना. यातली बरीच गावं तर ‘आम्हाला खेळायचंच नाही’ म्हणत रस्त्यावर उतरली होती. 2020 च्या जूनमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाचहून जास्त वर्षं प्रशासकाने गाडा हाकला. म्हणजे टीममध्ये निवडून दिलेला गडीच नव्हता, सगळं ऑटोवर. गंमत अशी की या काळात बॅनर कमी झाले नाहीत. गटार उघडं, पण गटाराच्या मंजुरीचा बॅनर वर फडफडतोय. नळाला पाणी यायच्या आधी पाण्याबद्दल अभिनंदन. एकाच रस्त्याच्या एकाच डांबरावर तीन पक्षांचे ‘यांच्या प्रयत्नांतून’. जिन्यातलं पोरगं ओरडलं तेच हे: नॉक माझा, फिनिश तू चोरलास.

नेत्यांना हसून झालं असेल तर आपल्या सोसायटीत डोकवा. वार्षिक सभेला अध्यक्षपदासाठी इच्छुक किती, आणि पावसाळ्याआधी गच्चीवरचा पाइप मोकळा करायला वर चढणारे किती? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर प्रत्येक जण स्नायपर. दुरून, दडून, अचूक. “पाणी का नाही? सेक्रेटरी झोपले आहेत का?” सेक्रेटरी बिचारे पहाटे पाचला टँकरवाल्याशी हुज्जत घालत गेटवर उभे असतात. त्यांना कव्हर द्यायला खाली कोणी येत नाही. पुढच्या वर्षी ते राजीनामा देतात, आणि मग चौदा स्नायपर मिळून नवा सेक्रेटरी शोधतात.

अशा घरात वाढलेल्या पोराने पट्ट्या न घेता नुसत्या गोळ्या भरल्या, तर त्याला खेळाने बिघडवलं म्हणायचं? अहो, खेळात निदान दोस्ताला उचलायचं बटण तरी आहे. आपल्या सभांत ते अजून बसवलेलं नाही.

सरकारने बंदी घालून बघितली, कंपनीने रक्ताचा रंग बदलला, नाव बदललं, तासही मोजले. आता घरच्यांनी एक करून बघावं. पोरगं रात्री फोन ठेवून जेवायला बसलं की किती मारले म्हणून वाटी आपटू नका, अभ्यासाचं पुराणही दोन मिनिटं थांबवा. एवढंच विचारा, “आज उचललंस किती जणांना?” पहिले चार दिवस ते तुमच्याकडे वेड्यासारखं बघेल. पाचव्या दिवशी उत्तर देईल. आणि सहाव्या दिवशी तोच प्रश्न तुम्हाला उलटा विचारेल, तेव्हा सांगण्यासारखं काहीतरी हाताशी असू द्या. गच्चीवरचा पाइप अजून तुंबलेलाच आहे.