चौकोनी ताप

नरकचतुर्दशीला आमच्या ऑफिसला सुट्टी नसते. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे फडके रोडला न जाणारा माणूस डोंबिवलीकर नसतो. यातून मार्ग काढायला मला ताप आला.

सकाळी सातला गणपतीचं दर्शन घेऊन, रेशमी झब्ब्यात मी गर्दीत उभा होतो. भाचीने फोटो काढला. तो असा काही आला की स्टेटसला न ठेवणं म्हणजे झब्ब्याचा अपमान. पण स्टेटस साहेबांनाही दिसतं. (त्यांच्यापुरतं लपवता येतं, हे मला दुपारी कळलं.)

"मामा, तोंड पिक्सलेट करू. प्रायव्हसी पण, रेट्रो पण!"

तिने बोट फिरवलं आणि माझ्या चेहऱ्याचे चौकोन झाले. प्रत्येक चौकोनातल्या रंगांची सरासरी काढायची आणि तो एकच रंग चौकोनभर फासायचा, एवढंच ते तंत्र. नाक आणि मिशी मिळून सरासरी तपकिरी आली. आई म्हणाली, "लग्नाआधी मी दोसुतीवर क्रॉस-स्टिचचा पोपट काढला होता. अस्साच दिसायचा."

घरी परतलो तर शेजारचे काका गॅलरीत आले, चष्मा घरात विसरून. डोळे बारीक करून माझ्या मोबाईलकडे बघत म्हणाले, "झब्बा छान आहे रे. ताप उतरला का?" साहेबांना मी तापाचा फोन गॅलरीतूनच केला होता.

यात काकांचं फारसं कौतुक नाही. बेल लॅब्जच्या लिऑन हार्मन यांनी १९७३ साली लिंकनचा चेहरा अशाच ठोकळ्यांत मांडून दाखवला होता. जवळून बघावं तर नुसत्या फरश्या, डोळे किलकिले केले की लिंकन! घोळ घालतात त्या चौकोनांच्या कडा. त्या पुसट झाल्या की उरते उजेड-सावलीची ठेवण, आणि ओळख पटायला मेंदूला तेवढी पुरते. म्हणजे तोंड लपवायचं तर बघणाऱ्याची नजर चांगली हवी. आमच्या साहेबांचा नंबर उणे चार.

दुपारी ठाण्याहून त्यांचा मेसेज आला, "तापात पहाटेचं बाहेर फिरू नये."

तेव्हापासून भाडेकरारासाठी आधार कार्डाचा फोटो पाठवताना नंबरावर मी चौकोन टाकत नाही, सरळ काळी पट्टी ओढतो. चेहरे अगणित, आकडे दहाच. दहाही आकड्यांचे चौकोन करून कोणीही ताडून बघेल.

रजा मंजूर झाली. बिनपगारी.