घड्याळ बघत बसलेला क्लब

हॅम्बर्गला जाणारा मराठी प्रवासी बंदर बघतो, एल्बे नदीत बोटीने चक्कर मारतो, रात्री रीपरबान या बदनाम रस्त्यावर ‘नुसतं बघायला’ जातो आणि परत येतो. फुटबॉलचं वेड असलेल्याने मात्र लोकल पकडून श्टेलिंगनला उतरावं आणि फोक्सपार्कस्टाडिओनची वाट धरावी. हॅम्बर्गर एसव्ही, म्हणजे एचएसव्ही, या क्लबचं हे घर. हरणारे संघ जगात पुष्कळ आहेत, पण पराभवाची इतकी नीटनेटकी, जर्मन शिस्तीत मांडलेली प्रेक्षणीय स्थळं दुसरीकडे सापडायची नाहीत. बाहेर पहिलं दर्शन होतं ते एका पायाचं. उवे झेलर या महान खेळाडूच्या उजव्या पावलाचा हा ब्राँझचा पुतळा आहे: साडेतीन मीटर उंच, पाच मीटरहून रुंद आणि वजनाला सुमारे चार टन. झेलरने १९६१ मध्ये इंटर मिलानच्या पैशाला नकार दिला आणि जन्मभर इथेच गोल केले. त्यामुळे पायाचा मान योग्यच आहे. अडचण एवढीच, की गेल्या कित्येक वर्षांत क्लबच्या दारात गोल मारण्याच्या लायकीचा तेवढा एकच पाय होता, आणि तो जागचा हलत नव्हता.

चाहत्यांना या दुर्दशेची कारणं विचारली की पैसा, व्यवस्थापन, प्रशिक्षक, नशीब अशी यादी ऐकायला मिळते. माझं म्हणणं वेगळं आहे. या क्लबला एका घड्याळाने बुडवलं. १९६३ मध्ये सोळा संघांची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन फुटबॉलचा सर्वांत वरचा विभाग, सुरू झाली. त्या सोळांपैकी एकदाही खालच्या विभागात न घसरलेला एकटा एचएसव्ही उरला. या पराक्रमाप्रीत्यर्थ २००१ मध्ये स्टेडियमच्या कोपऱ्यात एक घड्याळ बसवलं गेलं. आपण बुंडेसलिगात किती वर्षं, किती दिवस, किती तास, किती मिनिटं आणि किती सेकंद आहोत, ते त्यावर दिसे. शुभचिन्ह म्हणून डायनासोर निवडला, त्याचं नाव हेर्मान. नामशेष झालेला प्राणी चिरंजीवपणाचं प्रतीक म्हणून मिरवणाऱ्या क्लबला सावध करणारं कोणी भेटलं नसावं. ज्या क्लबने १९८३ मध्ये अथेन्सला फेलिक्स मागाटच्या गोलवर युव्हेंटससारख्या संघाला हरवून युरोपियन चषक आणला, तो आता टिकून राहिल्याचं श्रेय घेऊ लागला. चाळीतल्या भाडेकरूने आपण इथे किती वर्षं राहतो याची पाटी दारावर लावावी आणि छप्पर गळत ठेवावं, त्यातली ही गत. बायर्न म्युनिक तर त्या मूळ सोळांत नव्हताच, तो आला १९६५ मध्ये. उशिरा आलेल्याने तीसहून जास्त अजिंक्यपदं जमवली. आधी आलेल्याचा शेवटचा मोठा चषक १९८७ मधला जर्मन चषक. त्यानंतर जमले ते सेकंद.

यावर आक्षेप ठरलेला असतो: भिंतीवरचं घड्याळ गोल कसे खाईल? गोल ते खात नाही, हे कबूल. पण ज्याला फक्त टिकायचं असतं तो पुढच्या शनिवारपलीकडे बघत नाही, आणि तसंच झालं. २०१४-१५ च्या एका मोसमात चार प्रशिक्षक झाले. २०१४ मध्ये अवघ्या २७ गुणांवर सोळावा आलेला संघ टिकण्यासाठीच्या निर्णायक लढतीत दुसऱ्या विभागातल्या ग्रॉयथर फ्युर्टशी दोन्ही सामने बरोबरीत सोडवून, केवळ परक्या मैदानावर केलेल्या गोलच्या जोरावर वाचला. पुढच्या वर्षी तशाच लढतीत कार्ल्सरूहेत भरपाई वेळेच्या पहिल्या मिनिटाला मार्सेलो दियासच्या फ्री-किकने जीवदान दिलं. त्याच उन्हाळ्यात क्लबची गोपनीय कागदपत्रं एका पदाधिकाऱ्याच्या पाठपिशवीसकट गायब झाली आणि एका बागेत सापडली. एखाद्या नाटककाराने हे लिहिलं असतं, तर दिग्दर्शकाने अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं. दरवेळी घड्याळ चालू राहिलं आणि ‘आपण वाचलो, म्हणजे आपलं बरंच चाललंय’ असा अर्थ लावला गेला. माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान केलं ते या सुटकांनी. २०१४ मध्येच संघ खाली गेला असता, तर चार वर्षांचं ढोंग तरी वाचलं असतं. १२ मे २०१८ ला अखेर घड्याळ थांबलं. गंमत म्हणजे त्या दिवशी संघ जिंकला होता. बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखला २-१ ने हरवून तो बुडाला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. २०१९ मध्ये घड्याळ काढून टाकलं, तरी क्लब पुढची सहा वर्षं दुसऱ्या विभागातच अडकला होता. मग दोष घड्याळाचा कसा? उत्तर त्याच कोपऱ्यात आहे. रिकाम्या जागी काय लावलं, तर स्टेडियमचे अक्षांश-रेखांश! किती काळ आहोत हे सांगण्यासारखं राहिलं नाही, तेव्हा कुठे आहोत हे सांगायला सुरुवात झाली. भिंत मोकळी झाली, डोकं झालं नाही. ‘आपण इथले नव्हेच’ या थाटात संघ दुसऱ्या विभागात खेळला आणि क्रमांक आले असे: चौथा, चौथा, चौथा, तिसरा, तिसरा, चौथा. वर थेट जातात दोघेच. २०२० मध्ये शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर झांडहाउझेनने ५-१ ने धुतलं. २०२३ मध्ये त्याच झांडहाउझेनला त्यांच्या मैदानावर १-० ने हरवलं, प्रेक्षक मैदानात धावले, ध्वनिक्षेपकावरून बढतीबद्दल अभिनंदनही झालं. तिकडे रेगेन्सबुर्गला सामना संपायचा होता. हायडेनहाइमने भरपाई वेळेत दोन गोल केले, दुसरा ९९ व्या मिनिटाला, आणि वर गेले. हायडेनहाइमची वस्ती जेमतेम पन्नास हजार, फोक्सपार्कस्टाडिओनची क्षमता सत्तावन्न हजार. अख्खं गाव आणून बसवलं तरी खुर्च्या उरतील.

मात्र खुर्च्या फारशा उरत नाहीत, आणि भाविकांचा आक्षेप इथूनच येतो: दुसऱ्या विभागातही पन्नास हजारांवर माणसं येत होती, तेव्हा हे प्रेम आहे, त्याची थट्टा करू नये. प्रेमाबद्दल शंका नाही. मैदानालगतच्या स्मशानभूमीत २००८ पासून क्लबच्या चाहत्यांसाठी खास विभाग आहे, त्याचं प्रवेशद्वार गोलपोस्टच्या आकाराचं. प्रवाशाने तेही अवश्य बघावं. मरणानंतरही घरच्या सामन्यांचा आवाज ऐकायला तयार असलेला ग्राहक हाताशी असला, की कुठल्या व्यवस्थापनाला घाई होईल? निष्ठेला मुदत नसते आणि व्यवस्थापनाला मुदतीशिवाय जाग येत नाही. ती मुदत दिली शेजाऱ्याने. त्याच शहरातला, लहान मैदानाचा आणि कवटीच्या झेंड्याचा सेंट पाउली २०२४ मध्ये दुसऱ्या विभागाचं अजिंक्यपद घेऊन वर गेला. एचएसव्ही खालीच राहिला. आता शहरातला मोठा क्लब कोणता, हे गुणतक्त्यात छापून येऊ लागलं.

पुढच्याच मोसमात काम झालं. नोव्हेंबरमध्ये संघ प्रशिक्षक मेर्लिन पोल्त्सिनकडे आला. तो हॅम्बर्गचाच, १९९० चा जन्म, म्हणजे १९८३ ची त्याला आठवण असण्याचं कारण नाही. हा त्याचा मोठा गुण मानायला हवा. १० मे २०२५ ला उल्मला ६-१ ने हरवून संघ बुंडेसलिगात परतला. परतल्यावर घरच्या मैदानावरचा पहिला सामना २९ ऑगस्टला होता, समोर सेंट पाउली. एचएसव्ही ०-२ ने हरला.