बंगल्यातला क्लोरीन कारखाना

अलिबागला बंगला झाला, नारळ लागले, आणि शेजाऱ्यांकडे आहे म्हणून मागच्या अंगणात पोहण्याचा तलावही झाला, की गृहस्थाने पुढील सूचना वाचाव्यात. तलाव मिठाचा असेल तर दोनदा वाचाव्यात. विकणाऱ्याने ‘यात क्लोरीन नाही, फक्त मीठ’ असं सांगितलेलं असतं आणि गृहस्थाने ते सगळ्या नातेवाइकांत पसरवलेलंही असतं.

वस्तुस्थिती अशी. पंपाच्या खोलीतल्या सेलमध्ये रुथेनियमचा लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यांतून वीज गेली की खाऱ्या पाण्यातून क्लोरीन तयार होतो. म्हणजे आपण क्लोरीन टाळलेला नाही, त्याचा कारखाना काढला आहे. आणि मालक, केमिस्ट व रात्रपाळीचा कामगार या तिन्ही पदांवर बिनपगारी स्वतःचीच नेमणूक केली आहे.

कच्चा माल मीठ. समुद्रात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास असतं, तलावाला ३ ग्रॅमच्या थोडं वर पुरतं. ५०,००० लिटरच्या तलावाला ५० किलोची तीन पोती आणि वर थोडं. वाणी विचारेल, “काय दादा, मासळी खारवायची का?” हो म्हणावं, पुढचे प्रश्न वाचतात. स्वयंपाकाचं आयोडीनचं मीठ नको, आणि स्वस्तात मिळतं म्हणून मिठागरातलं मातकट खडे मीठही नको; त्यातून येणारं मॅग्नेशियम आणि चिखल आपल्यालाच निस्तरावा लागतो. मे महिन्यात पाणी आटलं की काही जण हौसेने आणखी एक पोतं ओततात. आटतं ते पाणी, मीठ तिथेच असतं. पाणी भरावं, पोतं परत करावं.

आता तपासणी. टेस्ट किटच्या नळीत पाणी घेऊन डीपीडीची गोळी टाकली की गुलाबी रंग येतो; जितका गडद, तितका क्लोरीन. रंग आलाच नाही तर क्लोरीन संपला असं समजून गृहस्थ यंत्र शंभर टक्क्यांवर ठेवतो आणि झोपायला जातो. पण क्लोरीन फार झाला तर तो डीपीडीचा रंगच उडवतो, नळी पांढरीफटक. म्हणजे ‘अजिबात नाही’ आणि ‘भयंकर आहे’ ही दोन्ही उत्तरं सारखीच दिसतात. अशा वेळी नमुन्यात साधं पाणी मिसळून पुन्हा तपासावं. गुलाबी झालं तर पोरांना आज समुद्रावर न्यावं.

नाकावर मात्र विश्वास ठेवू नये. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो तो बहुतेक क्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवी क्लोरीनला भेटली की तो सुटतो, डोळेही त्यानेच चुरचुरतात. वास आला म्हणजे क्लोरीन कमी पडला आणि भाचेमंडळी जास्त झाली.

उन्हाचं वेगळंच. कोकणातल्या उन्हात उघडा क्लोरीन दोन-तीन तासांत जवळजवळ संपतो, म्हणून सायन्युरिक ॲसिड, म्हणजे स्टॅबिलायझर, ६० ते ८० पीपीएम ठेवावं आणि क्लोरीन ३ ते ५. स्टॅबिलायझर वाढला तर तो बाहेर काढायचा व्यवहार्य उपाय एकच: पाणी उपसून टाकणं. टँकरचा दर विचारून मगच डबा उघडावा.

मिठाच्या तलावाचा पीएच आपोआप चढतो. सेलमध्ये हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर घेऊन जातात. ७.८ च्या वर गेला की हायड्रोक्लोरिक ॲसिड, अगदी थोडं. अल्कलिनिटी पडली तर खायचा सोडा. साधं आहे, पण गृहस्थाला फक्त शनिवार-रविवार मिळतो. सकाळी सोडा, दुपारी ॲसिड, चहानंतर ‘मघाशी जरा जास्तच पडलं’ म्हणून पुन्हा सोडा. रविवारी रात्री आकडा शुक्रवारचाच, डबे तेवढे रिकामे. एक वस्तू टाकावी, पंप काही तास चालू द्यावा, मग तपासावं. मधल्या वेळात पत्ते खेळावेत.

केअरटेकरचं रसायनशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे.

“साहेब, पाणी हिरवं धरतंय. मोरचूद टाकू? सुपारीचं उरलंय.”

सुपारीवर मोरचुदाचं बोर्डो मिश्रण मारून बाग वाचते हे खरं, आणि मोरचुदाने शेवाळ मरतं हेही खरं. पण तांबं पाण्यात राहतं, प्लास्टरवर डाग पाडतं आणि पांढऱ्या केसांना हिरवी झाक आणतं. केस शिल्लक असलेल्या गृहस्थांनी नाही म्हणावं. मग तो तुरटी सुचवेल. तुरटीने गढूळपणा तळाशी बसतो, पण अल्कलिनिटीही खाली येते आणि पुन्हा खायचा सोडा लागतो. शेवटी ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर. तिच्यात क्लोरीन आहेच, सोबत चुनाही आहे. बोअरचं पाणी आधीच जड असेल तर सेलच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो आणि यंत्र रुसतं. तरी एक कबूल करायला हवं: हा माणूस रोज सकाळी पाण्याकडे बघतो. गृहस्थ पंधरा दिवसांतून एकदा ॲपकडे बघतो.

पावसाळ्यात सगळं गणित काठावरून वाहून जातं. मीठ जातं, स्टॅबिलायझर जातो, यंत्रावर मीठ कमी असल्याचा दिवा लागतो. जुलैत पोती ओतणं म्हणजे अरबी समुद्राला मीठ पुरवणं. यंत्र बंद ठेवावं आणि द्रव क्लोरीन वापरावा. १० टक्क्यांचा असेल तर ५०,००० लिटरला अर्धा लिटर म्हणजे १ पीपीएम. उष्णतेने त्याची ताकद घटते, म्हणून आठवड्यापुरताच आणावा. आणि इथे थट्टा नाही: तो ॲसिडच्या शेजारी ठेवू नये, एकाच बादलीत तर कधीच ओतू नये, विषारी वायू सुटतो. ॲसिड पाण्यात ओतावं, पाणी ॲसिडमध्ये नाही. दोन्ही कॅन सारखेच पांढरे येतात. जाड मार्करने, ठसठशीत मराठीत नावं लिहावीत, कारण शनिवारी रात्री जेवणानंतर ‘मी बघतो’ म्हणत पंपाच्या खोलीत जाणारे मेहुणे असतात.