कर्ता सकाळी, क्रियापद दिवेलागणीला

बुरोंडीला काकांकडे गेलो की पहिलं वाक्य सकाळच्या चहाला सुरू होतं. 'तू आज दापोलीहून...' एवढं म्हणाले आणि माडांना पाणी लावायला निघून गेले. मी बशी धरून बसलो. काका निवृत्त मराठीचे मास्तर. कपाटात मोरो केशव दामल्यांचं 1911 सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण'. आमच्या वहीत 'वाक्य पूर्ण करा' असं लाल शाईत लिहिणारा माणूस हाच.

जुन्या शास्त्रकारांनी वाक्याला तीन अटी घातल्यात. आकांक्षा, म्हणजे शब्दाला शब्दाची ओढ हवी. योग्यता हवी; माडाला विस्तवाने शिंपता येत नाही. आणि सन्निधी: 'गाय' आत्ता म्हटलं आणि 'आण' तासाभराने, तर ते वाक्य नव्हे. शास्त्रकारांना काका नव्हते.

क्रियापद येईपर्यंत बंदरावर जाऊन आलो. कोळणीपुढे सुरमई, बांगडे, बोंबील. नुसती नावं, शास्त्राप्रमाणे हे वाक्य नाही.

'सुरमई?'

'सातशे.'

'काय!'

'जा.'

चार शब्द, चार वाक्यं, अपुरं एकही नाही. पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला इथला परशुरामही समुद्राला 'हट' एवढंच म्हणाला असेल. कोणी हटायचं, हे समुद्राने विचारलं नाही. कोकण वर आलं.

पुढे हौसेने होडीत बसलो. पाचव्या मिनिटाला माझ्या तोंडून दिवसातलं सर्वांत निर्दोष वाक्य निघालं: 'मळमळतंय.' व्याकरणात याला भावकर्तृक क्रियापद म्हणतात. 'उजाडलं', 'सांजावलं' याच जातीचं. वेगळा कर्ता लागत नाही, तो क्रियापदाच्या पोटातच असतो. माझ्या पोटात मात्र थोड्या वेळाने काहीच राहिलं नाही.

दिवेलागणीला काका पडवीत आले.

'आणलीस?'

'काय?'

'गॅसची नळी! सकाळी सांगितलं नव्हतं?'

कर्ता सकाळी, क्रियापद संध्याकाळी, कर्म शिव्या खाल्ल्यावर. सन्निधीचा मुद्दा मी काढला. काका म्हणाले, 'दिवसभर तू वाट बघत होतास ना? मग मध्ये खंड पडला कुठे?'

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीने दापोलीला जाऊन नळी आणली. काकांनी ती उलटसुलट करून बघितली, 'पण ही...' म्हणाले आणि माडांकडे गेले.

गॅस अजून बंद आहे.