एकशे एकावं युनिट

लग्नात आहेर १०१ रुपयांचा करतात. शंभराचा आकडा बंद समजला जातो, त्यावर एक रुपया ठेवला की शुभ. नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात हा शकुन विजेच्या मीटरपर्यंत पोचलेला नाही. तिथं शंभरावर एक पडला की घरातल्यांची तोंडं उतरतात.

उतरणारच. २०२४-२५ च्या दरपत्रकात महावितरणच्या घरगुती ग्राहकाला शंभरावं युनिट ४ रुपये ७१ पैशांना होतं आणि एकशे एकावं १० रुपये २९ पैशांना. दोन्हींवर १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. हिशेब केला तर शंभरावं युनिट पडायचं ६ रुपये ८२ पैशांना, आणि त्याच डीपीवरून, त्याच तारेतून त्याच्या मागोमाग आलेलं त्याचं धाकटं भावंड १३ रुपये २९ पैशांना. धाकट्याचे लाड सगळ्याच घरात होतात, पण इतके?

जलालखेड्यापासून मोवाडपर्यंत जवळपास प्रत्येक गावात बिल वाचून सांगणारा एक माणूस असतो. बहुधा निवृत्त गुरुजी. पानठेल्याच्या बाकड्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, पोथी लावावी तसं ते बिल लावतात. श्रोते चार-पाच, प्रत्येकाच्या हातात आपापला अध्याय. गुरुजी एकेक ओवी सोडवतात: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. बिलात आकारच आकार. निराकार तेवढा ग्राहकाचा खिसा.

“गुरुजी, दोन महिने आमी पोरीकडे पुण्याले होतो. घराले कुलूप. मंग हे एकशे अठ्ठावीस रुपये कायचे?”

“तो स्थिर आकार हाय. तू हालला, तो हालत नाही.”

गुरुजींच्या प्रवचनातला एक भाग कुणालाच पटत नाही. शंभराच्या वर गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं, अशी गावाची पक्की समजूत आहे. गुरुजी दर महिन्याला सांगतात की तसं नसतं, पहिली शंभर युनिटं स्वस्तच राहतात, महाग दर फक्त वरच्या युनिटांना. श्रोते मान डोलावतात आणि घरी जाऊन बायकोला सांगतात, “शंभरच्या वर गेलं ना, मेलोच समज.” गुरुजींचं गणित बरोबर आहे, आणि गावाचा अनुभवही.

कारण हे शंभर युनिट ठरवणाऱ्याने नरखेडचा मे महिना पाहिलेला दिसत नाही. कोकणातल्या घराला शंभर, महाबळेश्वरला शंभर, आणि नवतपात जिथं पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तिथंही शंभर. दोनशे वॅटचा एक कूलर संध्याकाळी सहाला लावला आणि सकाळी आठला बंद केला, तर रात्रीतून २.८ युनिटं जातात. महिन्याची चौऱ्याऐंशी. एक पंखा, एक फ्रीज, टीव्ही आणि चार दिवे मिळून एकोणऐंशी धरा. कूलर नसताना हे घर स्वस्त कप्प्यात सुखाने राहतं आणि वर सांगितलेल्या दराने सुमारे ६८७ रुपये भरतं. कूलर लागला की १६३ युनिटं आणि १,६६८ रुपये. म्हणजे एका कूलरची हवा ९८१ रुपयांची, पाणी वेगळं. ते तर उन्हाळ्यात मिळेल तेव्हा भरून ठेवायचं असतं.

मग आधीचे लोक काय करत होते? त्यांच्या घरांना मातीच्या हातभर जाड भिंती होत्या आणि वर कवेलू. वांदरं कवेलू फोडायची, पावसाळ्यात घर गळायचं, दरवर्षी छप्पर शाकारावं लागायचं. पण मे महिन्यातल्या दुपारी आत बाज टाकली तर माणूस झोपू शकत होता. मग घरकुल योजना आली, १ लाख २० हजार रुपयांचं अनुदान आलं, मातीची भिंत गेली, विटेची आली, वर स्लॅब नाही तर टिन पडलं. घर पक्कं झालं. इतकं पक्कं की दिवसभर खाल्लेलं ऊन रात्री दोनपर्यंत सोडत नाही. त्या स्लॅबखाली झोपायला कूलर लागतो, कूलरला युनिटं लागतात, आणि युनिटं शंभराच्या वर गेली की एका खात्याने दिलेलं अनुदान दुसऱ्या खात्याकडे हप्त्याहप्त्याने परत जायला लागतं. शासनाच्या दोन खात्यांत इतका समन्वय एरवी कुठं पाहायला मिळत नाही.

बरं, वीज लांबून आणावी लागते म्हणून महाग पडते, असंही म्हणायची सोय नाही. कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक केंद्रं नागपूर जिल्ह्यातच आहेत, दोन्ही मिळून तीन हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेची. राख आपली, धूर आपला. मंत्रीसुद्धा आपलेच. २०१४ पासून ऊर्जा खातं आधी कामठीच्या चंद्रशेखर बावनकुळे यांच्याकडे, मग उत्तर नागपूरच्या नितीन राऊत यांच्याकडे आणि २०२२ पासून दक्षिण-पश्चिम नागपूरच्या देवेंद्र फडणवीस यांच्याकडे. पक्ष बदलले, सरकारं बदलली, खातं काही जिल्हा सोडायला तयार नाही. राऊत साहेबांनी २०२० मध्ये शंभर युनिटं फुकट देण्याची गोष्ट काढली होती. त्याच वर्षी टाळेबंदीतली तीन-तीन महिन्यांची बिलं एकदम आली, तेव्हा दिवाळीत गोड बातमी देऊ असंही सांगितलं गेलं. नोव्हेंबरात बातमी आली ती अशी की वापरलेल्या विजेचे पैसे भरावेच लागतील. गोड खाऊ नये असं डॉक्टर सांगतात, ते काही खोटं नाही.

दर वाढतात कसे, हे संत्रा पिकवणाऱ्या तालुक्याला तरी समजावून सांगायला नको. २०२३ मध्ये महावितरणने वीज नियामक आयोगाला सांगितलं की आमची तूट ६७ हजार कोटींच्या वर आहे. आयोगाने सुनावण्या घेतल्या आणि ३९ हजार कोटींच्या वर मान्य केली. बागेतही असाच सौदा होतो. बागवान एक भाव सांगतो, व्यापारी झाडाकडे बघत नाक मुरडतो, निम्म्यावर येतो. फरक एवढाच की कोळसा महागला, तारेत वीज गळली, कुणी आकडा टाकला, कुणी बिल थकवलं, हे सगळं कंपनीला तुटीत मांडता येतं आणि तूट पुढच्या दरात येते. बागवानाची फळगळ झाली, गारपीट झाली, डिंक्या लागला, तर त्याची तूट मान्य करायला कुठला आयोग बसत नाही. तो पुढच्या वर्षी व्यापाऱ्याला “मागची तूट धरून भाव द्या” म्हणून बघू दे.

२०२५ मध्ये मात्र चमत्कार झाला. दर कमी करणारा आदेश निघाला, तारीख २८ मार्च. आठवड्याच्या आतच त्याला स्थगिती. मग २५ जूनला नवा आदेश, १ जुलैपासून लागू, पहिल्या वर्षी दहा टक्के कपात अशी घोषणा. पानठेल्यावर पेढे वाटायचेच बाकी होते. ऑक्टोबरच्या बिलात इंधन समायोजन आकार आला, युनिटमागे ३५ ते ९५ पैसे.

“कमी झालं म्हणते सरकार, मंग वाढून काहून रायलं?”

“कमी दर झाला,” गुरुजी म्हणाले, “हा आकार हाय.”

या तालुक्याची खरी अडचण भूगोलाची आहे. नरखेडहून इटारसीकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात पांढुर्ण्याला थांबते. पांढुर्णा मध्य प्रदेशात. भाषा तीच, संत्रं तेच, ऊन तेच, सोयरीक तर घराघरात. पण तिथं १५० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घराला पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत मिळतात. तशी योजना २०१९ पासून आहे. सरकार बदललं तेव्हा फक्त नाव बदललं, इंदिरांच्या जागी अटलजी आले. नरखेडला त्याच शंभर युनिटांचे स्थिर आकार आणि शुल्क धरून ८३० रुपये व्हायचे. त्यामुळे दिवाळीला पांढुर्ण्याहून बहीण माहेरी आली की ओवाळणीपेक्षा बिलाचा विषय लांबतो. भावाने पाचशेची नोट ताटात टाकली तर तिचा हिशेब पाच महिन्यांच्या लाईनीचा होतो, आणि त्याचा अठरा दिवसांचा. तिलाही सुख नाही म्हणा. तिच्या घरी एकशे एक्कावन्नावं युनिट म्हणजे सासू. एकदा आलं की सगळी सवलत गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांना गोटे मारतात, ती गोटमार जुन्या काळची आहे. नव्या काळात भांडायला दरपत्रक पुरलं असतं.

घरात ही स्थिती आणि शेतात नेमकी उलटी. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीज मोफत आहे, सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना. त्याचे वर्षाला चौदा हजार कोटींहून अधिक रुपये सरकार महावितरणला देतं. म्हणजे हजारो लिटर पाणी उपसणारी पाच अश्वशक्तीची मोटार शून्य बिलावर चालते आणि माणसाच्या अंगावर वारा घालणारा, रात्रीला पाऊण युनिट खाणारा पंखा तेरा रुपयांच्या भीतीने रेग्युलेटरच्या दोन नंबरवर फिरतो. आंबिया बहाराच्या झाडांना उन्हाळ्यात पाणी लागतंच, त्यावर कुणाचं दुमत नाही. अनेकदा शेतातली लाईन रात्रीची असते, त्यामुळे बागवान रात्री बागेतच असतो. काही घरांत त्यालाच काटकसर म्हणतात: माणूस मोटारीवर गेला की घरचा एक पंखा बंद.

गॅसचं दुःख वेगळ्या चालीचं. सिलिंडरचे भाव उतरतात तेव्हा सण बघून उतरतात. ३० ऑगस्ट २०२३, रक्षाबंधन, २०० रुपये कमी. ८ मार्च २०२४, महिला दिन, १०० रुपये कमी. दिल्लीतला १,१०३ चा सिलिंडर असा ८०३ वर आला. एप्रिल २०२५ मध्ये तो पन्नासने वाढला, तेव्हा कुठला सण होता ते कुणी सांगितलं नाही. वाढीला मुहूर्त लागत नाही. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, भाव आखातात ठरतो. त्याची झळ मेंढला गावातल्या चुलीला लागते ती अशी. राज्याने वर्षाला तीन सिलिंडर मोफत केले खरे, पण जोडणी बाईच्या नावावर हवी आणि पैसे आधी मोजायचे, मग खात्यात येणार. त्या निमित्ताने बऱ्याच घरांत गॅसचं कार्ड पहिल्यांदा बाईच्या नावावर झालं. हे मात्र चांगलं झालं. सातबाऱ्यावर तिचं नाव यायला अजून एखादा सिलिंडर लागेल.

चौथ्या सिलिंडरपासून पऱ्हाटी. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापूस निघाला की पऱ्हाटीच्या गाड्या भरून घराच्या मागे रचतात. जोडीला तुऱ्हाट्या, आणि एखादी बाग वाळली असेल तर संत्र्याचं लाकूड, जे जळतं छान आणि जाळताना जीव तुटतो. कृषी विभाग सांगतो, पऱ्हाटी साठवू नका, तिच्यात गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. पेट्रोलियम खातं सांगतं, चूल पेटवू नका, डोळे जातात. घरातली म्हातारी दोघांचंही ऐकते आणि आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण आणि भाकरी चुलीवर करून घेते. चहा गॅसवर. पाहुणे आले की गॅस, गेले की चूल. गॅसची शेगडी अनेक घरांत अशी पाहुण्यांच्या ताटवाटीसारखी वापरतात, पुसून ठेवतात.

उपाय म्हणून आता सगळे वर बघतात. छतावरच्या सोलरमध्ये नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. तीन किलोवॉटला केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान, एक किलोवॉटला ३० हजार, आणि ऊन तर हवं तेवढं. ज्या स्लॅबने कूलर लावायला लावला त्याच स्लॅबवर पॅनल ठेवून सूड घ्यायचा, ही कल्पना लोकांना पटली आहे. ज्यांचं छत टिनाचं, ज्यांच्या घराचे कागद आजोबांच्या नावावर आणि ज्यांच्याकडे आधी भरायला पैसे नाहीत, ते उन्हात बसून विचार करतात. बाकीच्यांची चिंता वांदरांची. कवेलूवर उड्या मारायची सवय तीन पिढ्यांची, पॅनलवर काही पाटी लावून ती मोडणारी नाही.

वेळेनुसार दर लावणारे नवे टीओडी मीटर लागलेल्या घरांना २०२५ मध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. त्या वेळेत घरातली माणसं बागेत, वावरात नाही तर नागपूरच्या एसटीत असतात. सवलत फ्रीज घेतो.

वर आणखी एक कागद येतो, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा. वर्षभराच्या सरासरी बिलाच्या दुप्पट रक्कम ठेव म्हणून जमा असावी असा २०२१ पासूनचा नियम. उन्हाळ्यात कूलरने सरासरी वाढवली की ठेवही वाढते. गुरुजी या कागदाचं प्रवचन करत नाहीत. नुसती घडी घालून परत देतात.

कागदी बिल नको, ई-मेलवर चालेल असं कळवलं तर ‘गो ग्रीन’ योजनेत बिलामागे दहा रुपये सूट मिळते. पानठेल्यावरच्या कुणी अजून ती घेतलेली नाही. मागच्या महिन्याच्या बिलाच्या कोऱ्या पाठीवर बागेच्या मजुरांची हजेरी मांडलेली असते, आणि त्या मापाची वही दहा रुपयांत मिळत नाही.